अध्ययन अक्षमता आणि शिक्षकाची दृष्टी

मळवली स्थानकावरून भाजे गाव ओलांडून गायमुख खिंडीकडे चढत गेले, की लोहगड आणि विसापूर या जोडकिल्ल्यांच्या कुशीत लोहगडवाडी लागते. मावळ तालुक्यातील ही वाडी पर्यटकांच्या परिचयाची आहे. 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये समावेश झाला. त्यांत लोहगड असल्याने येथील वर्दळ आणखी वाढली आहे.

अशा वाडीवरील चौथीतील एका मुलाची कल्पना करावी. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही गडाची चार द्वारे तो क्रमाने सांगतो. विंचूकाटा कोणत्या अंगाला आहे, पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ कोठे धरते, हेही त्याला ठाऊक असते. सरबताच्या टपरीवर सुट्या पैशांचा हिशेब तो तोंडी करतो. परंतु त्याच गडाच्या पायथ्याचा माहितीफलक वाचावयास सांगितला, की तो अडखळतो. एका ओळीवरून दुसरीवर घसरतो आणि शेवटी गप्प राहतो. वर्गात त्याचे नाव 'ढ' असे पडलेले असते. घरी 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी बसतात. वर्षभराने तो शाळेत कमी व गडाच्या वाटेवर अधिक दिसू लागतो.

हे चित्र कोणा एका मुलाचे नाही. राज्यातील असंख्य शाळांतील शिक्षकांना ते ओळखीचे वाटेल. या मुलास नेमके काय झाले आहे, याचे उत्तर प्रथम कोणी शोधावयाचे? डॉक्टर नंतर येतो, शासकीय प्रमाणपत्र त्याहून नंतर येते. मुलाला रोज पाहणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे वर्गशिक्षक. शिक्षकाची दृष्टी काय पाहते आणि काय पाहत नाही, यावर अशा मुलाचे पुढील शिक्षण अवलंबून असते.

अक्षमता म्हणजे काय?

ऐकणे, पाहणे आणि सर्वसाधारण बुद्धी यांत उणीव नसताना, शिकविण्याची पुरेशी संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी विशिष्ट कौशल्यात मूल सातत्याने मागे राहते, तेव्हा त्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीस डिसग्राफिया व अंकगणितातील अडचणीस डिसकॅल्क्युलिया अशी नावे रूढ आहेत. ही अक्षमता मेंदूच्या भाषा व चिन्हे हाताळण्याच्या पद्धतीशी निगडित असते. आळस, हट्ट अथवा आईवडिलांचे दुर्लक्ष हे तिचे कारण नव्हे. ती औषधाने बरी होत नाही. परंतु योग्य अध्यापनाने तिच्यावर बऱ्याच अंशी मात करता येते.

या विषयाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरला. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. हा मुलगा चलाख होता, त्याची नजर चांगली होती. मात्र साधे शब्दही त्यास वाचता येत नसत. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत डॉ. मॉर्गन यांनी नोंदविले आहे. शिक्षकाच्या या निरीक्षणामुळे मुलाच्या बुद्धीविषयीची शंका दूर होण्यास मदत झाली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये शिकागो येथील पालकांच्या परिषदेत 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा मांडली व ती सर्वत्र रूढ झाली.

जपानच्या शाळांचा धडा

शिक्षकांची दृष्टी बदलली म्हणजे काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानने घालून दिले आहे. जपानमधील मनोवैद्य कियोशी माकिता यांनी प्राथमिक शिक्षकांना प्रश्नावली पाठवून वाचनात मागे पडणाऱ्या मुलांची माहिती गोळा केली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार अशा मुलांचे प्रमाण ०.९८ टक्के, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी भरले. जपानी मुलांत वाचन अक्षमता दुर्मीळ आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याचे कारण त्यांनी लिपीत शोधले. जपानीतील 'काना' चिन्हे उच्चाराशी घट्ट बांधलेली आहेत. एका चिन्हाचा साधारणतः एकच उच्चार. तेव्हा इंग्रजीप्रमाणे गोंधळ होण्यास तेथे जागा नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा निष्कर्ष दीर्घकाळ मान्य होता. १९८२ मध्ये मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड स्टीव्हन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधील सेंदाई, तैवानमधील तैपेई व अमेरिकेतील मिनिआपोलिस या शहरांतील मुलांचे तुलनात्मक संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी शिक्षकांच्या मतावर न विसंबता प्रत्यक्ष मुलांची चाचणी घेतली. तेव्हा तिन्ही ठिकाणी वाचनात गंभीर अडचण असलेली मुले आढळली. जपानी मुले यास अपवाद नव्हती.

त्यानंतरही शाळांची रीत बदलण्यास बराच अवधी लागला. परिश्रमाने सर्व काही साध्य होते, ही श्रद्धा जपानी शाळेत खोलवर रुजलेली आहे. ती अनेक अंगांनी हितकारक असली, तरी तिची एक दुसरी बाजू आहे. मागे पडणाऱ्या मुलास 'आणखी प्रयत्न कर' एवढाच उपदेश मिळतो आणि अपयश हा त्याच्या प्रयत्नांतील दोष ठरतो. १९९९ मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाच्या तज्ज्ञ गटाने अध्ययन अक्षमतेची व्याख्या निश्चित केली. सर्वसाधारण बौद्धिक विकास मागे नसतानाही ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, गणन अथवा तर्क यांपैकी विशिष्ट क्षमतेत मोठी अडचण असणे, असा तिचा आशय होता.

व्याख्या हाती आल्यावर शिक्षकांना पुन्हा विचारणा झाली. २००२ च्या देशव्यापी पाहणीत सामान्य वर्गांतील ६.३ टक्के मुलांना अध्ययनात किंवा वर्तनात ठळक अडचणी असल्याचे शिक्षकांनी सांगितले. केवळ अध्ययनातील अडचणींचे प्रमाण ४.५ टक्के होते. २०१२ मध्ये एकूण प्रमाण ६.५ टक्के आले, तर २०२२ मध्ये प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत ते ८.८ टक्क्यांवर गेले. त्यांत अध्ययनातील अडचणी ६.५ टक्के होत्या.

हे आकडे वैद्यकीय निदानाचे नव्हेत. ते शिक्षकांच्या निरीक्षणाचे आहेत, आणि १९६८ चा आकडाही शिक्षकांच्याच उत्तरांवर आधारलेला होता. दोन्ही वेळच्या प्रश्नावल्या भिन्न असल्याने त्यांची काटेकोर तुलना होऊ शकत नाही. तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. जी मुले पूर्वीही वर्गात बसत होती, ती शिक्षकांना आता दिसू लागली. मुलांपेक्षा मुलांकडे पाहण्याची रीत अधिक बदलली.

दिसण्याच्या जोडीस व्यवस्थाही उभी राहिली. विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींना साहाय्य देणारा कायदा तेथे २००५ पासून अमलात आला आणि एप्रिल २००७ पासून 'विशेष साहाय्य शिक्षण' ही पद्धती सर्व शाळांत सुरू झाली. शाळेतील एका शिक्षकास समन्वयक नेमावे, शाळांतर्गत समितीने मुलाचा विचार करावा, मुलाने आपल्याच वर्गात राहून आठवड्यातील काही तास साहाय्य वर्गात जावे, अशी तिची रचना आहे. ही सोय २०१८ पासून उच्च माध्यमिक स्तरावरही लागू झाली. तरीही २०२२ च्या पाहणीत अडचणीत असल्याचे दिसलेल्या मुलांपैकी, शाळेच्या समितीने विशेष साहाय्यास पात्र ठरविलेली मुले तीस टक्क्यांहून कमी होती. शिक्षकाला मूल दिसणे आणि शाळेने त्याच्यासाठी पाऊल उचलणे, या दोहोंत साधनसंपन्न देशातही अंतर राहते.

देवनागरीचा भरवसा

माकिता यांचा युक्तिवाद मराठी शिक्षकासही जवळचा वाटेल. 'आपली लिपी उच्चारानुसारी आहे. डिस्लेक्सिया हा इंग्रजी शाळांचा विकार', असा समज अनेक शिक्षकांत आढळतो. तो सुरक्षित नाही. ज्या भाषांचे लेखन उच्चाराशी जुळते, त्या भाषांतील मुले वाचताना चुका कमी करतात. परंतु त्यांचे वाचन अतिशय संथ व कष्टाचे राहते, असे इटालियन व जर्मन यांसारख्या भाषांतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून मराठी शाळेत केवळ चुका मोजून भागत नाही, मुलाचा वेगही पाहावा लागतो. तिसरीतील मूल प्रत्येक शब्द अक्षर अक्षर जुळवून वाचत असेल आणि वाक्याच्या अखेरीस आरंभ विसरत असेल, तर त्याने एकही चूक केली नाही एवढ्यावर समाधान मानू नये.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणीही आहेत. 'कि' या अक्षरातील वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चार मात्र नंतर होतो. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याच्या आधी त्याचा उच्चार होतो. घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्या डोळ्यांना सारख्या भासतात. जोडाक्षरांत मूळ अक्षराचे रूप बदलते. सर्वच मुले आरंभी येथे अडखळतात आणि सरावाने सावरतात. वर्ष-दीड वर्षाच्या नियमित सरावानंतरही जे मूल तेथेच राहते, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणे अगत्याचे ठरते.

गणितातही असेच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात आणि लिहिताना दोन आधी येतात. त्यामुळे पंचवीस ऐवजी बावन्नाचा आकडा लिहिणारी मुले प्रत्येक पहिली-दुसरीत असतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. वादाच्या धुराळ्यात मूळ मुद्दा झाकला गेला. तो असा, की भाषेच्या घडणीतच लहान मुलास अडविणारी जागा असू शकते आणि ती शिक्षकाने ओळखली पाहिजे.

महाराष्ट्रातील तरतुदी

या क्षेत्रात महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता. राज्य शासनाने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांसाठी परीक्षांतील सवलती मान्य केल्या. लेखी परीक्षेस अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, अशा त्या सवलती होत्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महानगरपालिकेच्या रुग्णालयांतून तपासणीची व्यवस्था झाली. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला.

मात्र या सर्वांचा लाभ प्रामुख्याने शहरी व इंग्रजी माध्यमाच्या मुलांना झाला. त्याची कारणे उघड आहेत. चाचण्या इंग्रजीत अधिक, तज्ज्ञ मोठ्या शहरांत, आणि सवलतीची माहिती सुशिक्षित पालकांना. निदानही पुष्कळदा दहावी जवळ आल्यावर, सवलतीच्या निमित्ताने होत असे. प्रारंभीच्या इयत्तांत, म्हणजे उपाय सर्वांत फलदायी ठरण्याच्या काळात, मूल अंधारातच राही.

केंद्रीय कायद्यात ही उणीव बरीच भरून निघाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अक्षमता होत्या. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये प्रकारांची संख्या एकवीस झाली व विशिष्ट अध्ययन अक्षमतेस त्यांत स्थान मिळाले. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे व तीवर शैक्षणिक उपाय योजणे, हे कलम १६ अन्वये शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरले. ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षकांचे काम स्पष्ट करण्यात आले. तिसरी इयत्ता किंवा वयाची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शिक्षकांनी प्राथमिक पडताळणी करावी. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील शाळा समितीने पालकांशी बोलावे. आणि त्यानंतर मुलास बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे, असा क्रम त्यांत दिला होता.

भाषेची अडचणही काही प्रमाणात दूर झाली आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला. २०१५ मध्ये उपलब्ध झालेल्या या संचात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांनी वापरावयाच्या पडताळणी सूची त्यात आहेत.

वाडीवरील शाळेत काय करता येईल?

कायदा झाला, चाचणी झाली. पण लोहगडवाडीसारख्या ठिकाणाहून मूल तपासणीस न्यावयाचे म्हणजे खिंड उतरून मळवली गाठावी लागते आणि तेथून लोकलने पुणे. आईवडिलांची मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम होईलच असे नाही. म्हणून मुलास पाठविण्यापूर्वी शाळेनेच पूर्वतयारी करणे श्रेयस्कर.

पहिली गोष्ट, अन्य कारणे तपासून घेणे. मुलास फळा दिसतो का, मागून हाक मारल्यास ऐकू येते का, हे आधी पाहावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, तेव्हा अशा मुलाची स्वतंत्र नोंद त्यांच्यापुढे ठेवावी. या कार्यक्रमाच्या तपासणीत अध्ययन विकारांचाही समावेश आहे. त्यानंतर हजेरीपट पाहावा. मावळातील काही कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या हंगामात स्थलांतर करतात. जे मूल वर्षातील चार-पाच महिने शाळेतच नव्हते, त्याचे मागे पडणे ही अक्षमता नव्हे. तो शिक्षण खंडित झाल्याचा परिणाम होय. घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून भिन्न असेल, तर तोही विचार करावा. चुकीचा शिक्का बसणे हे शिक्का न बसण्याइतकेच घातक असते.

दुसरी गोष्ट, नोंद ठेवणे. 'अभ्यासात कच्चा' या शेऱ्यातून कोणासही काही कळत नाही. मुलाने एका मिनिटात किती शब्द वाचले, कोणती अक्षरे पुन्हा पुन्हा चुकली, तोंडी व लेखी उत्तरांत किती अंतर पडले, हे दर महिन्यास एका पानावर लिहावे. त्याच्या वह्यांची काही पाने जपून ठेवावीत. अशी सहा महिन्यांची नोंद तज्ज्ञास अतिशय उपयोगी पडते आणि पालकांच्या खेपा वाचवू शकते.

तिसरी गोष्ट, प्रमाणपत्राची वाट न पाहता अध्यापनात बदल करणे. यास खर्च लागत नाही. अक्षर धुळीत किंवा वाळूत बोटाने गिरविणे, उच्चारत उच्चारत लिहिणे, जोडाक्षर फोडून पुन्हा जोडणे, ओळीखाली पट्टी धरून वाचणे, थोडा मजकूर परंतु रोज, ही साधने कोणत्याही शाळेत आहेत. फळ्यावरचे लांब उतारे उतरवून घेण्यास लावण्याऐवजी तोंडी उत्तरे घ्यावीत. सर्व वर्गासमोर त्यास मोठ्याने वाचावयास उभे करू नये. ज्या गोष्टीत ते मूल पुढे आहे, तिला वर्गात मान द्यावा. गडाची माहिती सांगण्यास त्यास पुढे बोलविले, तर वर्गातील त्याचे नाव 'ढ' राहणार नाही.

चौथी गोष्ट गावाची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीच्या बैठकीत बांधकाम व आहार यांच्या जोडीला, मागे पडणाऱ्या मुलांचा विषय वर्षातून दोनदा तरी यावा. मात्र नावे न उच्चारता. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना पत्र देऊन भेटीचा दिवस मागून घ्यावा. तपासणीस जावयाची मुले दोन-तीन वाड्यांची मिळून असतील, तर ग्रामपंचायतीने एकत्र वाहनाची सोय करावी. पंचायत सदस्याने पालकांना एवढे समजावून दिले तरी पुष्कळ काम होईल, की प्रमाणपत्र म्हणजे मुलाच्या वेडेपणाचा दाखला नव्हे. हक्काचा अधिक वेळ व हक्काचे साहाय्य मिळविण्याचे ते साधन आहे.

जपानमधील शिक्षकांना शंभरात एक मूलही दिसले नव्हते, तेव्हा तेथील मुले सुखात होती असे नव्हे. ती केवळ मोजली गेली नव्हती. आपल्या शाळांच्या पटावरही अशी मुले आज आहेत. तिसरीच्या वर्गात ती ओळखली गेली, तर पुढील सात-आठ वर्षे त्यांच्या हाती राहतात. दहावीत ओळखली गेली, तर उरते ती परीक्षेची सवलत. आणि ओळखलीच गेली नाहीत, तर शाळेच्या दप्तरात 'गळती' या रकान्यातील एका आकड्याची भर पडते. हा रकाना कोरा ठेवण्याचा प्रारंभ वर्गशिक्षकाच्या नोंदवहीतील त्या एका पानापासून होतो.